स्थूल गती, तात्कालिक गती

फुलंब्रीच्या बसस्थानकावरून सकाळी छत्रपती संभाजीनगरकडे एसटी निघते, तेव्हा तिच्यात वेगाविषयीचे दोन प्रश्न बसलेले असतात. एक कॉलेजला निघालेल्या मुलीचा: "कंडक्टर, सिडकोला किती वाजता पोचंल गाडी?" दुसरा कोणी तोंडाने विचारत नाही, तो ड्रायव्हरच्या उजव्या पायात असतो. पुढच्या मक्याच्या रानातून एखादी म्हैस एकदम डांबरावर आली, तर गाडी तिच्या अलीकडे थांबेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या आकड्याने मिळते, त्याच आकड्याने दुसऱ्याचे उत्तर द्यायला गेलो तर म्हैस मरेल, कदाचित माणसेही. या दोन आकड्यांना शाळेत आपण "सरासरी वेग" आणि "तात्कालिक वेग" म्हणून शिकलो. त्यांतला "तात्कालिक" हा शब्द कुठून आला हे मात्र आपल्याला सहसा कोणी सांगितले नाही. तो शब्द ज्या माणसाच्या ग्रंथात या अर्थाने येतो, त्याच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी उभारलेला मठ फुलंब्रीहून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर होता. तिथे आपण जाणारच आहोत. आधी बस पकडू.

फुलंब्री ते संभाजीनगर हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. गणितासाठी आकडे थोडे गोल करून घेऊ. समजा, गाडी आठ वाजता सुटली. पहिले १२ किलोमीटर तिने १५ मिनिटांत काटले. मग चौक्याचा घाट लागला. पुढे उसाची ट्रॉली, ओव्हरटेकला जागा नाही, त्यामुळे ३ किलोमीटरला ९ मिनिटे गेली. वाटेतल्या थांब्यांवर माणसे चढली-उतरली, पोती वर टाकली, त्यात ६ मिनिटे. सावंगी, हर्सूल करत उरलेले १५ किलोमीटर २० मिनिटांत झाले. एकूण ३० किलोमीटर, ५० मिनिटे. भागाकार केला की ताशी ३६ किलोमीटर. ही झाली सरासरी, आणि मुलीच्या प्रश्नाला ती पुरते. उद्याही गाडी अशीच चालली तर आठ पन्नासला सिडको.

आता तुकड्यांकडे पाहा. पहिल्या तुकड्यात ताशी ४८, घाटात ताशी २०, थांब्यांवर शून्य, शेवटी ताशी ४५. ज्या ३६ ला आपण "गाडीचा वेग" म्हणालो, तो चारांपैकी एकाही तुकड्याचा वेग नाही. सरासरी हा सगळ्या प्रवासाचा हिशेब आहे. वाटेतल्या कुठल्याही एका जागेविषयी ती काहीच सांगत नाही. ती खोटी नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ती देते.

पहिल्या तुकड्याचे ४८ तरी खरे आहेत का? तीही पंधरा मिनिटांची सरासरीच. त्या पंधरा मिनिटांत काटा कधी ६० वर गेला असेल, खड्डा आला तेव्हा २० वर उतरला असेल. आता म्हैस नेमकी त्याच क्षणी आडवी आली जेव्हा काटा ६० वर होता. ड्रायव्हरला ती दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू, आणि ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग सेकंदाला ५ मीटरने उतरतो असेही धरू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पहिल्या सेकंदातच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबेपर्यंत आणखी सुमारे २८ मीटर जाते. एकूण ४५ मीटर. सरासरीचे ३६ घेऊन हाच हिशेब केला, तर उत्तर येते फक्त २० मीटर. दोन्हींतला २५ मीटरचा फरक म्हणजे दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या करून वर थोडी जागा उरेल एवढा. म्हशीला आणि गाडीला सरासरीशी काही देणेघेणे नाही. धडक होते ती त्या क्षणाच्या वेगाने.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण परीक्षेत तिच्यावरून फार गोंधळ होतो. पाठ्यपुस्तकात "चाल" आणि "वेग" हे शब्द वेगळे आहेत. चाल काढताना प्रत्यक्ष कापलेले अंतर मोजतात. वेग काढताना विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतची सरळ रेषा, आणि तिची दिशा. फुलंब्रीहून त्या मठाच्या गावी, पाटणला, जायचे तर सरळ रेषेत अंतर पन्नासेक किलोमीटर. रस्त्याने मात्र खुलताबाद, कन्नड, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव आणि तिथून परत डोंगराच्या पायथ्याशी, असे त्याच्या दुपटीहून अधिक पडते. म्हणून सरासरी चाल आणि सरासरी वेगाचे परिमाण हे दोन निराळे आकडे येतात. तीच मुलगी संध्याकाळी फुलंब्रीला परत आली की तिचे दिवसभराचे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य, जरी तिने साठ किलोमीटर प्रवास केला असला तरी. पण क्षणाच्या बाबतीत हा भेद मिटतो. एका क्षणात वळायला जागाच नसते, म्हणून तात्कालिक चाल आणि तात्कालिक वेगाचे परिमाण नेहमी एकच असते. फरक उरतो तो फक्त दिशेचा.

पण "क्षणाचा वेग" म्हणजे नेमके काय? इथे अडचण खरी आहे आणि ती सोपी करून दाखवण्यात अर्थ नाही. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. एका क्षणाला लांबी नाही, त्या क्षणात कापलेले अंतरही नाही. शून्याला शून्याने भागायचे. हा भागाकार होत नाही. मग स्पीडोमीटरचा काटा दाखवतो काय?

या अडचणीतून वाट काढायला आपण रस्ता सोडून विहिरीवर जाऊ. फुलंब्री तालुक्यात शेताशेतात खोदलेल्या विहिरी आहेत. दहा-बारा परस खोल, उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीच्या काठावरून दगड सोडला, की तो पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर पडतो आणि दोन सेकंद होईपर्यंत एकूण २० मीटर. नियम असा की पडलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या पाचपट. (काटेकोर आकडा ४.९ आहे, हिशेब सोपा व्हावा म्हणून ५ घेतला.) प्रश्न: सोडल्यापासून बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणी दगडाचा वेग किती?

एक ते दोन सेकंद या काळात तो १५ मीटर पडला, म्हणून सरासरी सेकंदाला १५ मीटर. पण हा काळ मोठा आहे, त्यात दगड बराच वेग घेतो. काळ लहान करू. १ ते १.१ सेकंद या काळात तो १.०५ मीटर पडतो, सरासरी १०.५. १ ते १.०१ या काळात १०.०५. १ ते १.००१ या काळात १०.००५. आता अलीकडून येऊ. ०.९९ ते १ सेकंद या काळात सरासरी ९.९५. पलीकडून येणारे आकडे १० कडे उतरत आहेत, अलीकडून येणारे १० कडे चढत आहेत. काळ कितीही लहान करा, तो शून्य करायची गरजच पडत नाही. दोन्ही बाजूंच्या सरासरींनी मध्ये जो एकच आकडा कोंडून धरला आहे, तो १०. तोच त्या क्षणाचा वेग. शून्याने भागण्याचा प्रसंग टळला, आणि तरीही उत्तर नेमके मिळाले.

म्हणजे तात्कालिक वेग हा सरासरीचा शत्रू नाही. तो सरासरींच्याच रांगेच्या टोकाशी उभा आहे. मला ही गणितातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. युरोपात तिची पूर्ण पद्धत न्यूटन आणि लायबनिझ यांनी सतराव्या शतकात उभी केली, आणि "रांगेच्या टोकाशी" या बोलीला काटेकोर अर्थ कोशीने १८२१ च्या आपल्या ग्रंथात दिला. हे सारे खरे आहे आणि त्यांचे श्रेय त्यांनाच आहे. पण क्षणाच्या वेगाची गरज ज्यांना भासली आणि ज्यांनी तो हिशेबात आणला, त्यांच्यात आपल्या भागातला एक माणूस न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी होता.

भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे ते सांगतात. ते नेमके कुठले यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांच्या घराण्याचा पत्ता मात्र दगडात कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे राजज्योतिषी होते, आणि त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी पाटणला मठ स्थापला, असे त्या लेखावरून कळते. लेखात शके ११२८ चा उल्लेख आहे. फुलंब्रीतून पाहिले तर नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर देवगिरी, जिथे नातू दरबारात बसत असे. आणि वायव्येला डोंगर ओलांडून पाटण, जिथे आजोबांचे गणित शिकवले जात असे.

या माणसाला क्षणाचा वेग कशाला हवा होता? त्यांच्यापुढे बस नव्हती, चंद्र होता.

घरातले पंचांग किंवा कालनिर्णय उघडा. प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिथी कधी संपते त्याची वेळ छापलेली असते. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्र आणि सूर्य एकसारख्या वेगाने चालले असते, तर प्रत्येक तिथी २३ तास ३७ मिनिटांची झाली असती आणि पंचांग करणे हे नुसते पाढे म्हणण्याचे काम राहिले असते. तसे होत नाही. कधी एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, कधी एखादी एकही सूर्योदय न पाहता संपून जाते. आपल्या आजीने "यंदा अष्टमीचा क्षय आहे" असे म्हटले, तेव्हा ती नकळत चंद्राच्या बदलत्या वेगाविषयीच बोलत होती.

ज्योतिषाचे लोक या वेगाच्या तीन पायऱ्या मानतात, आणि त्या आपल्या बसप्रवासाशी हुबेहूब जुळतात. पहिली मध्यम गती. चंद्राच्या पुष्कळ फेऱ्यांची मिळून काढलेली सरासरी, दिवसाला ७९० कला ३५ विकला. (६० कलांचा एक अंश, ६० विकलांची एक कला.) हे आपले ताशी ३६. दुसरी, आजचा स्पष्ट, म्हणजे खरा, चंद्र आणि उद्याचा स्पष्ट चंद्र यांतले अंतर: एका दिवसाची सरासरी. हिला भास्कराचार्य स्थूल गती म्हणतात. हे घाटातले २० किंवा पहिल्या तुकड्यातले ४८. आणि तिसरी, या घटकेला चंद्र ज्या वेगाने चालला आहे ती तात्कालिकी गती, सूक्ष्म गती. हा काट्यावरचा आकडा.

ती काढायची कशी? चंद्र मंदोच्चाजवळ, म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत दूर असताना, मंद चालतो. नीचाजवळ, पृथ्वीला जवळ असताना, वेगाने. मध्यम चंद्र आणि खरा चंद्र यांतला फरक, म्हणजे मंदफल, मंदोच्चापासून मोजलेल्या कोनाच्या भुजज्येवर, आजच्या भाषेत साइनवर, अवलंबून असतो. आता वेगातला फरक हवा असेल, तर ही भुजज्या कोन किंचित वाढल्यावर किती वाढते ते कळायला हवे. भास्कराचार्यांनी सांगितलेले उत्तर असे: कोनाच्या किंचित वाढीला कोटिज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणा. अकरावी-बारावीत साइनचे विकलज कोसाइन असे शिकवतात, तेच हे. त्यांच्या आधी दहाव्या शतकात मुंजालाने लघुमानसात याच्याशी जुळणारी रीत वापरलेली आहे. भास्कराचार्यांनी मात्र नुसती रीत देऊन न थांबता, ही गती स्थूल गतीहून वेगळी का आणि ती कधी वापरायची, हेही सांगितले.

त्यांचे आकडे घालून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चंद्राचा मंदपरिधी, म्हणजे मंदफलाचे माप ठरवणारा परिघ, ३१ अंश ३६ कला, म्हणजे ३६० चा सुमारे ०.०८८ भाग. चंद्र मंदोच्चापासून दिवसाला सुमारे ७८४ कला सरकतो. दोन्हींचा गुणाकार केला की जास्तीत जास्त गतिफल, म्हणजे मध्यम गतीपासूनचा फरक, ६९ कलांच्या आसपास येते. म्हणून चंद्राचा तात्कालिक वेग दिवसाला सुमारे ७२२ कला ते ८५९ कला यांच्या दरम्यान हलतो. यातून सूर्याच्या ५९ कला वजा करा. चंद्र सर्वांत मंद असताना तो सूर्यापासून दिवसाला ६६३ कला दूर जातो. १२ अंश म्हणजे ७२० कला पुऱ्या करायला त्याला ६५ घटका लागतात. सर्वांत वेगात असताना ८०० कला. मग ५४ घटका पुरतात. दिवस ६० घटकांचा, म्हणजे तिथी जास्तीत जास्त ५ घटकांनी वाढते आणि ६ घटकांनी घटते. जुन्या पंचांगकर्त्यांच्या तोंडी असलेला "बाणवृद्धी रसक्षय" हा नियम हाच. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. मी पहिल्यांदा हा गुणाकार कागदावर केला आणि ६५ व ५४ हे आकडे स्वतःहून बाहेर आले, तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो होतो.

सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या चालीत आणखी काही चढउतार होतात. ते सारे धरून केलेल्या आजच्या पंचांगांत तिथी सुमारे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. पण मूळ कारण तेच: चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो.

आता भास्कराचार्यांनी सांगितलेली ती गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतले. त्यांचे म्हणणे असे: तिथीचा अंत जवळ आला असेल, तर चंद्र किती सरकेल ते तात्कालिक गतीने काढा, अंत दूर असेल, तर स्थूल गतीने काढा. कारणही ते देतात. चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही.

याचा अर्थ बसच्या भाषेत लावून पाहा. सिडको दूर आहे, तिथे पोचण्याचा अंदाज सरासरीने करा. म्हैस जवळ आहे, तिचा हिशेब काट्याने करा. काट्यावर ६० दिसले म्हणून "अर्ध्या तासात पोचतो" असे घरी फोन करून सांगणे जितके चूक, तितकेच सरासरीच्या भरवशावर ब्रेक उशिरा लावणे चूक. कोणता वेग खरा, असा प्रश्नच नाही. विचारलेली गोष्ट जवळची की दूरची, त्यावर कोणता आकडा उचलायचा ते ठरते. इतक्या थोड्या शब्दांत हा विवेक मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

फक्त चंद्राचेच नाव त्यांनी का घेतले तेही त्यांच्या गणितात दिसते. एका दिवसात चंद्राच्या दैनिक गतीत १५-१६ कलांपर्यंत फरक पडू शकतो. सूर्याच्या गतीत त्याच एका दिवसात पडणारा फरक अडीच विकलांच्या आत राहतो. सूर्यासाठी दिवसाची सरासरी म्हणजे जवळजवळ काट्यावरचाच आकडा. चंद्रासाठी तसे नाही. उदाहरणार्थ, तिथी संपायला चंद्राला अर्धा अंश, म्हणजे ३० कला, जायचे उरले आहे. मध्यम गतीने हिशेब केला तर ५९ मिनिटे. चंद्र त्या वेळी सर्वांत वेगात असेल तर ५४, सर्वांत मंद असेल तर ६५. अर्धा अंश जायचे उरले असतानाच सहा मिनिटांपर्यंत चूक. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष सांगणाऱ्याला ही चूक परवडत नाही, कारण ग्रहण सगळा गाव डोळ्यांनी पाहतो.

आणखी एक जागा त्यांनी दाखवली आहे. बसच्या प्रवासात काट्याने ३६ हा आकडा कधी दाखवला का? हो, नक्की दाखवला. गाडी शून्यावर होती, ६० वरही गेली. मधला कोणताही वेग गाळून तिला वर चढता येत नाही. कुठल्याही प्रवासात निदान एकदा तरी तात्कालिक वेग सरासरीइतका होतोच. मग चंद्राच्या प्रदक्षिणेत ही जागा कुठे येते? भास्कराचार्य सांगतात: जिथे मंदफल सर्वांत मोठे असते, तिथे गतिफल शून्य होते आणि मध्यम गती हीच स्पष्ट गती होते. त्यांच्या आधीच्या लल्लाने ही जागा थोडी चुकीची सांगितली होती, ती त्यांनी दुरुस्त केली.

हे ऐकायला विचित्र वाटते. खरा चंद्र मध्यम चंद्रापासून सर्वांत दूर असतो, नेमक्या त्याच क्षणी दोघांचे वेग सारखे? दोन गाड्या कल्पून पाहा. एक वेळापत्रकाप्रमाणे एकाच वेगाने जाणारी, दुसरी कधी जलद तर कधी संथ. दुसरी जलद आहे तोवर दोघींतले अंतर वाढत जाते. ती पहिलीहून संथ झाली की अंतर कमी व्हायला लागते. म्हणजे अंतर सर्वांत जास्त केव्हा? वाढणे थांबून घटणे सुरू होण्याच्या मधल्या क्षणी, जेव्हा दोघींचे वेग सारखे असतात. एखादी राशी सर्वांत मोठी होते तिथे तिच्या बदलाचा वेग शून्य असतो, हा कलनशास्त्रातला रोजच्या वापरातला नियम इथे, बाराव्या शतकात, चंद्राच्या गणितात कामाला लागलेला दिसतो.

म्हणून भास्कराचार्यांनी कलनशास्त्र शोधले असे म्हणायचे का? मी म्हणणार नाही. त्यांनी सर्व प्रकारच्या राशींसाठी चालेल अशी पद्धत दिली नाही. त्यांना ग्रह हवे होते आणि ग्रहांपुरते त्यांनी काम केले. पुण्यात जन्मून काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हा विषय मांडला, तेव्हापासून यावर वाद होत आले आहेत. वादात दोन्हीकडून अतिशयोक्ती झाली. "सगळे आमच्याकडे होतेच" म्हणणारे भास्कराचार्यांचा ग्रंथ उघडत नाहीत, आणि "काहीच नव्हते" म्हणणारेही उघडत नाहीत. उघडला तर जे दिसते ते दोन्ही दाव्यांहून मोलाचे आहे: दिवसाची सरासरी पुरत नाही हे ओळखणारा, का पुरत नाही ते सांगणारा आणि त्यावर चालणारा तोडगा देणारा एक गणिती. याच ग्रंथात कालमापनाच्या कोष्टकात ते निमिषाच्याही तीन हजाराव्या भागाला, त्रुटीला, नाव देतात. आजच्या मापाने ती सेकंदाचा ३३,७५० वा भाग भरते.

आता परत रस्त्यावर. जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरमध्ये चाकाबरोबर एक चुंबक फिरे. तो शेजारच्या अॅल्युमिनियमच्या वाटीला आपल्याबरोबर ओढे, आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवी. जितका वेग तितकी ओढ, तितका काटा पुढे. नव्या गाड्यांत चाकाबरोबर उठणारे विद्युतस्पंद मोजतात. ठरावीक छोट्या काळात किती स्पंद आले यावरून आकडा दिसतो, म्हणजे तीही सरासरीच. फक्त ती इतक्या लहान काळाची की ड्रायव्हरच्या कामाला तो क्षणच. लेझरवर चालणारी स्पीडगन सेकंदाच्या लहानशा भागात गाडीपर्यंतचे अंतर पुन्हा पुन्हा मोजून तेच करते. विहिरीतल्या दगडाचे १.००१ सेकंदाचे गणित या यंत्रांच्या पोटात चालू असते.

उलटा प्रकारही आता आपल्याकडे आहे. फुलंब्रीहून शहराकडे येताना सावंगीला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज लागतो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. समजा, एक मोटार एका ठिकाणी आत शिरली आणि १८० किलोमीटरवर बाहेर पडली, मध्ये एक तास वीस मिनिटे गेली. सरासरी आली ताशी १३५. तिला वाटेत कुणी पाहिले नसेल, कॅमेऱ्यापुढे ती शहाण्यासारखी हळू झाली असेल, तरीही निदान एका क्षणी तिचा काटा १३५ वर होता हे सिद्ध झाले. सरासरीइतका तात्कालिक वेग कुठेतरी असायलाच हवा, या नियमातून सुटका नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधला सरासरी वेग तपासण्याची सोय याच तत्त्वावर आहे.

सरासरीबद्दल एक शेवटची चूक सांगायची राहिली, कारण ती शिकलेली माणसेही करतात. जाताना ताशी ३०, येताना ताशी ६०. सरासरी चाल किती? बहुतेकजण ४५ म्हणतात. अंतर ३० किलोमीटर धरा: जायला एक तास, यायला अर्धा. दीड तासात ६० किलोमीटर, म्हणजे ताशी ४०. संथ चालीत आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी संथ चालीकडे झुकते. चंद्राचेही तसेच: मंदोच्चाच्या बाजूला तो अधिक काळ रेंगाळतो.

अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या फुलंब्री, कन्नड, चाळीसगावच्या शिक्षकांना एक विनंती आहे. "तात्कालिक वेग" ही व्याख्या फळ्यावर लिहाल त्या दिवशी वर्गात एक पंचांग घेऊन जा. त्यातल्या लागोपाठच्या पंधरा तिथींच्या समाप्तीच्या वेळा मुलांना वजाबाकी करायला द्या, आणि सर्वांत लांब व सर्वांत आखूड तिथी शोधायला लावा. मग त्यांना सांगा की हा शब्द या अर्थाने ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ शिकवण्यासाठी उभारलेला मठ चाळीसगावजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी होता. शक्य झाले तर एका रविवारी त्यांना पाटणला घेऊन जा, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात वही द्या, दर पाच मिनिटांनी काटा किती दाखवतो ते लिहायला.